पुलियाचं केळवण

"आज तो विषय नको," बाबूराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

सरलाबाई गराडूच्या कंदाचे तुकडे दुसऱ्यांदा कढईत सोडत होत्या. "कोणता विषय?"

बाबूरावांनी सुस्कारा सोडला. रविवार असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चेहऱ्यावर साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळताना असायचा तो भाव होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाव काही गेला नव्हता, फक्त केबिनच्या जागी स्वयंपाकघर आलं होतं.

"पुष्करचं केळवण आहे. पोरगं लग्नाआधी मामाकडे जेवायला येतंय, सोबत होणारी बायको आहे. तू त्याच्या ताटात पुलिया वाढू नकोस म्हणजे झालं."

"भुट्ट्याचा कीस वाढणार आहे. पुलिया त्याने स्वतःच वाढून ठेवलीय."

मुजुमदारांच्या घरात दिवाळीपासून हीच भाषा चालू होती. कॉलनीच्या मागे नाला होता, नाल्यावर जुनी पुलिया, म्हणजे छोटासा पूल. ज्या सरकारी शाळेत सरलाबाईंनी जन्मभर भूगोल शिकवला, त्या शाळेच्या मुली रोज या पुलियावरून जात. गेल्या पावसाळ्यात तिचा एका बाजूचा कठडा वाहून गेला, मधोमध भगदाड पडलं, आणि दिवाळीच्या तोंडावर सातवीतली एक मुलगी सायकलसकट खाली गेली. हात मोडला, जीव वाचला. सरलाबाईंनी त्याच संध्याकाळी आपल्या लेकीला, शिवांगीला बसवून हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

या हेल्पलाइनची एक खोड होती. तक्रार करणारा स्वतःच्या तोंडाने 'मी संतुष्ट आहे' म्हणेपर्यंत तक्रार बंद होत नसे. ती वरच्या साहेबाकडे जाई, मग त्याच्या वरच्या. सरलाबाई काही केल्या संतुष्ट होत नव्हत्या. इथवर सगळं ठीक होतं. पण मार्गशीर्षात पुष्करची बदली नेमकी याच भागात झाली आणि आयती तक्रार त्याच्या गळ्यात पडली. सब-इंजिनियर भाचा एका टोकाला, मामी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बाबूराव, ज्यांना आयुष्यात कुठल्याच टोकाला उभं राहायची सवय नव्हती.

"अगं, सरकारी काम आहे. त्याला त्याची एक चाल असते," ते म्हणाले.

"तुमच्या फाइलीवरून पडून कोणाचा हात मोडला नव्हता."

"पण आता सरकार म्हणजे कोण? आपलाच पुष्कर ना!"

"मग बरंच झालं. परक्याला जाब विचारायला भीड पडते. घरच्याला कसली?"

"तो म्हणतो काम झालंय. फोटोसुद्धा लावलाय."

"दुसऱ्याच पुलियाचा लावलाय."

"अगं, फोटोखाली जागा छापून येते आजकाल. खोटं कसं असेल?"

सरलाबाईंनी झारा कढईच्या कडेला टेकवला. "अहो, तुम्ही शेवटचे कधी गेलात तिकडे?"

बाबूराव रोज फिरायला जात, पण पुढच्या फाटकाने, बगीच्यात. ते ताटं मांडायला निघून गेले. सरलाबाईंनी गॅस बारीक केला. खरं तर पुलियापेक्षा त्यांना दुसरंच काही खुपत होतं. दर मे महिन्यात हा पोरगा याच घरात राहायचा, त्यांच्या ॲटलासवर पालथा पडून नद्या शोधायचा. तो आज खोटा फोटो लावतो? त्याला समोर बसवून विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. तो तोंडावर खोटं बोलला तर काय, याची त्यांना भीती वाटत होती.

---

बेबीला मात्र भीती वेगळीच होती, आणि ती दिवाणखान्यात सोफ्याच्या टोकावर बसून ती भीती पदरात घट्ट धरून होती. बाबूरावांची ही धाकटी बहीण. नवरा लवकर गेला. बँकेची नोकरी करत तिने एकटीने पुष्करला वाढवलं. पोराला सरकारी नोकरी लागली त्या दिवशी तिने राजवाड्याच्या बाजारात जाऊन सगळ्या गल्लीसाठी जिलेबी आणली होती. ती नोकरी अजून कच्ची होती. याच तक्रारीपायी एक नोटीस आधीच मिळाली होती. शुक्रवारी साहेब पुष्करला म्हणाले होते, "घर की बात है, घर में निपटा लो. संडे को दोपहर में कॉल जाएगा तुम्हारी मामी को." म्हणजे मामी 'संतुष्ट' म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर दुसरी नोटीस. मग कसली पक्की नोकरी आणि महूच्या व्याह्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

वहिनीला समजावणं हा उपाय नव्हता, हे ती तीस वर्षांपासून जाणून होती. उपाय सुचवला तो शिवांगीने. काल फोनवर तीच म्हणाली होती, "आत्या, आईला लॉजिक देऊ नका, ती तुमचा क्लास घेईल. पण आई शब्दाची पक्की आहे. औक्षणाच्या वेळी मागा ना."

मुजुमदारांकडे ही रीत जुनी होती. केळवणाला औक्षण करताना मामीने भाच्याला काय हवं ते विचारायचं आणि मागेल ते द्यायचं. ताटासमोर 'नाही' हा शब्द चालत नसे. खुद्द बाबूरावांनी आपल्या केळवणात सायकल मागितली होती. त्यांच्या मामीने त्या दिवशी घंटी दिली आणि उरलेली सायकल वर्षभराने, पण दिली.

पुष्कर पाटावर बसला. शेजारच्या पाटावर शर्वरी. ती महूची, फौजी घरातली, ताठ बसणारी आणि सगळ्यांकडे सरळ बघणारी मुलगी होती. पुष्कर मात्र मामीची नजर चुकवून रांगोळीकडे बघत होता. सरलाबाईंनी त्याला कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन फिरवलं.

"माग," त्या म्हणाल्या. "काय हवं?"

पुष्करने तोंड उघडायच्या आत बेबी बोलली. "त्याला काही नको, वहिनी. फक्त तुझं एक 'हो' पाहिजे. आज हेल्पलाइनचा फोन येईल. तू म्हण, संतुष्ट आहे. बस, इतकंच."

"आई!" पुष्कर एकदम ओरडला. "हे काय चाललंय यार? मी म्हणालो होतो का तुला?"

"तू गप बस. तुला तर स्वतःसाठी पाणीसुद्धा मागता येत नाही."

निरांजन हातात तसंच होतं. सरलाबाईंनी आधी बेबीकडे पाहिलं, मग शिवांगीकडे. शिवांगी अचानक पाण्याचे ग्लास भरायला लागली, जे आधीच भरलेले होते. आईला कळायचं ते कळलं. चाळीस वर्षं वर्गात कोण कोणाला कॉपी देतं हे ओळखलेली बाई होती ती.

"दिलं," सरलाबाई म्हणाल्या आणि ताम्हन खाली ठेवलं.

बेबी जिंकली होती. पण इतक्या चटकन जिंकेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि वहिनीचा चेहरा पाहून तिला ते जिंकणं गोड लागेना.

---

जेवण सुरू झालं. श्रीखंड होतं, भुट्ट्याचा कीस होता, वर जिरावण मसाला भुरभुरलेले गराडू होते, आणि कोणालाच भूक नव्हती. सरलाबाई आग्रह करून वाढत होत्या, अगदी रीतीप्रमाणे, आणि एक अक्षर जास्त बोलत नव्हत्या. बाबूरावांनी हवेवर बोलून पाहिलं, महूच्या थंडीवर बोलून पाहिलं. मग त्यांनी सगळ्यात वाईट गोष्ट केली. ते म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं. घरचं भांडण घरात राहिलं हे बेस्ट झालं."

"मामाजी, एक विचारू?" शर्वरी म्हणाली. "मग पुलिया झाली का?"

सगळ्यांचे हात थांबले.

"म्हणजे... कोणी बुरा मानू नका हं. पण मी कधीपासून ऐकतेय, तक्रार बंद करायची की चालू ठेवायची. पुलियाचं काय झालं ते कोणीच बोलत नाही. झालीय का?"

"झालीय," पुष्कर म्हणाला.

"नाही झाली," सरलाबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

शर्वरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "इथून किती दूर आहे?"

"मागेच तर आहे. पाच मिनिटं," शिवांगी म्हणाली.

"मग बघून येऊया ना?"

बाबूरावांच्या मनात आलं, इतके महिने एका छपराखाली आपण दोघं भांडलो आणि ही साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही. बेबी मात्र तडकली. "केळवणाच्या ताटावरून उठून कोणी पुलिया बघायला जातं का? लोक काय म्हणतील?"

"ताटावरून नको उठायला," शर्वरी शांतपणे म्हणाली. "श्रीखंड संपवून जाऊ."

सरलाबाईंनी तिच्या वाटीत आणखी एक डाव श्रीखंड घातलं. त्या दिवशी आग्रहाशिवाय वाढलेला तो पहिला पदार्थ होता.

---

अशी ती वरात निघाली. पुढे सरलाबाई, त्यांच्या मागे पैठणी सावरत बेबी, मग जरीच्या कुर्त्यात कपाळभर कुंकू लावलेला पुष्कर, शर्वरी, आणि सर्वात मागे आईपासून पुरेसं अंतर ठेवून शिवांगी. बाबूराव घराला कुलूप लावून धापा टाकत आले. कॉलनीतल्या एकदोघांनी गच्चीवरून विचारलं, "अरे, बारात कहाँ चली भिया?" तेव्हा बाबूराव म्हणाले, "जरा घूम के आते हैं." खरं सांगायची सवय नव्हती आणि खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं, म्हणून हे मधलं.

गल्ली वळली आणि पुष्कर थबकला.

पुलिया तशीच होती. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, थेट नाला. मधल्या भगदाडावर कोणीतरी लाकडी फळी टाकून वर वीट ठेवली होती. आणि डावीकडे, नाल्याच्या वरच्या अंगाला, मोठ्या रस्त्याची दुसरी पुलिया दिसत होती. तिचा कठडा ताज्या पिवळ्या-काळ्या रंगाने उन्हात चमकत होता.

त्याला फोटो आठवला. पिवळा-काळा कठडा, खाली छापलेली जागा. त्याने ऑफिसात बसून ती जागा नकाशावर तपासली होती, टिंब बरोबर याच नाल्यावर पडलं होतं. तपासलं याचंच त्याला केवढं समाधान वाटलं होतं! ठेकेदाराच्या माणसाने उभं राहायची जागा बरोबर निवडली होती. त्याने फक्त फोन दुसरीकडे वळवला होता.

"मामी," तो म्हणाला. "मी आलोच नव्हतो गं इथे."

सरलाबाई वळल्या. "आला नव्हतास?"

"नाही. नवीन एरिया, इतक्या तक्रारी, वरून साहेबांचे फोन. ठेकेदाराने फोटो पाठवला, लोकेशन सही होतं. मी अपलोड केला. मला वाटलं तू रंगावरून, नाहीतर फिनिशिंगवरून अडून बसलीयस. तुला सगळं परफेक्ट लागतं ना."

"आणि मला वाटलं तू पाहून गेलास आणि तरीही..." सरलाबाई म्हणाल्या. खरं तर त्यांना चीड यायला हवी होती. पण त्यांना इतकं हलकं वाटलं, इतका आनंद झाला, की चिडायचं राहूनच गेलं. "म्हणजे तू खोटारडा नाहीस रे! नुसता आळशी आहेस!"

"हो," पुष्कर म्हणाला. हे कौतुक नव्हतं, पण त्याने ते तसंच घेतलं.

"मग झालं तर," बेबी मध्ये पडली. "चूक कळली ना? उद्या माणसं लाव, करून टाक. वहिनी फोनवर हो म्हणेल, तू काम कर. सगळ्यांचं भलं."

पुष्करने मान हलवली. "तसं नसतं, आई. हा स्लॅब तोडून नवा घालावा लागेल. त्याची मंजुरी साहेबांच्या वरून येते. आणि आज तक्रार बंद झाली की रेकॉर्डवर ही पुलिया नवी झाली. नव्या पुलियाला मंजुरी कोण देणार? मी मागायला गेलो तर म्हणतील, अरे, मामी तर संतुष्ट आहे तुझी."

"आणि चालू राहिली तर?"

"तर वर जाईल. वरच्यांना उत्तर द्यावं लागेल. पावसाआधी होऊन जाईल मग."

"आणि तुझी नोटीस?"

शर्वरीकडे पाहण्याचं त्याला धाडस होईना. तीच पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पांना मी सांगेन. त्यांनी अशा नोटिसा खूप बघितल्यात." मग, "आणि नाही समजले, तर समजावीन."

शिवांगी इतका वेळ मागे होती. ती हळूच आईजवळ आली. "सॉरी आई. आयडिया माझी होती."

"माहितेय. ग्लास वाहेपर्यंत भरलेस तेव्हाच कळलं."

"भिया, आठवतं?" ती पुष्करला म्हणाली. "इथेच सायकल शिकलो आपण. आत्या मागून सीट धरून पळायची. तू ओरडायचास, छोडना मत, छोडना मत."

बेबीने पुलियाकडे पाहिलं. तिला आठवलं. तेव्हा दोन्ही बाजूंना कठडे होते, आणि तरीही तिने सीट सोडली नव्हती. हात दुखून आला तरी नाही. ती पुढे झाली, उघड्या बाजूने खाली वाकून पाहू लागली, आणि पुष्करने झटकन तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

तेवढ्यात सरलाबाईंच्या पर्समधला फोन वाजला. हेल्पलाइनला रविवार नसतो.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक गोड, थकलेला, तरुण आवाज होता. "नमस्ते, सरला मुजुमदार जी से बात हो रही है? मैम, आपकी पुलिया वाली शिकायत का निराकरण हो गया है. क्या आप संतुष्ट हैं?"

सरलाबाईंनी पुलियाकडे पाहिलं. शब्द ताटासमोर दिला होता. आयुष्यात त्यांनी तो कधी फिरवला नव्हता, वर्गातल्या पोरींना दिलेलासुद्धा नाही. "हाँ जी," त्या म्हणाल्या, "मैं..."

"मामी," पुष्कर म्हणाला, "थांब. माझा आहेर."

"दिला ना तो. तेच तर करतेय."

"तो आईने मागितला. मी अजून मागितलाच नाही. मला फोन दे."

सरलाबाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन त्याच्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी, आहेर देतात तसा.

"मैडम," पुष्कर बोलू लागला, "काम नहीं हुआ है. एक साइड की मुंडेर नहीं है, बीच में गड्ढा है. जो फोटो लगा है, वो दूसरी पुलिया का है."

"सर, आप कौन बोल रहे हैं?"

"इंजीनियर. जिसके नाम पर ये शिकायत है, वही. फोटो मैंने ही डाला था, बिना देखे."

बाबूरावांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी नोकरीत असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं, आणि आपण ते कधी बोललो नाही, याचं त्यांना आज पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"सर... तो असंतुष्ट लिखूँ?" मुलगी हळूच म्हणाली. "ये ऊपर चली जाएगी. आपको पता है ना?"

"पता है. इसीलिए लिखिए."

बेबीने हात पुढे केला. पुष्करला वाटलं आता ती फोन हिसकावून सगळं मागे घेणार. तिने फोन घेतला तो खरंच हिसकावून.

"सुनो बेटा," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र बँकेच्या काउंटरवरचा होता. "मैं इसकी माँ बोल रही हूँ. ये भी लिखो कि इंजीनियर खुद पुलिया पे आया, घरवालों को लेके आया, और अभी यहीं खड़ा है. साहब लोगों को बोलो, वो भी आके खड़े हों."

"आंटी, इतना लिखने की जगह नहीं है उसमें."

"तो छोटे अक्षर में लिखो," बेबी म्हणाली, आणि तिकडे लिहून होईपर्यंत फोन कानापासून हलवला नाही.